रोजच्या उपयोगाची मोटार

मोटारगाड्यांविषयीं चार शब्द सांगण्याचा अधिकार यंत्रज्ञाचा किंवा व्यापाऱ्याचा. निवृत्त शाळामास्तराचें तें काम नव्हे, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटेल, आणि तें वाटणें रास्त आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढें अध्यापकाची सनद घेतली आणि मुलांना त्रैराशिक, शेकडेवारी व सरळव्याज शिकविण्यांत सारी उमेद खर्च केली. यंत्राचें माझें ज्ञान सायकलच्या साखळीपलीकडे फारसें गेलें नाहीं. परंतु मोटार विकत घेतांना माझ्या हातून एक मोठी चूक घडली, आणि ती निस्तरतांना जें कांहीं शिकावें लागलें, तें दुसऱ्या एखाद्या घराच्या उपयोगीं पडेल, एवढ्याच आशेनें मी आज ध्वनिक्षेपकासमोर बसलों आहें.

आमच्या तारुण्यांत मोटारीची निवड हा प्रश्नच नव्हता. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें होणारी अँबॅसडर आणि मुंबईस कुर्ल्याला होणारी, आधीं फियाट व पुढें पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली गाडी, या दोहोंपैकीं जी मिळेल ती आपली, असा बहुतेक मामला होता. पैसे भरून वर्षानुवर्षें पाळी येण्याची वाट पाहावी लागे. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती ८०० निघाली. अवघें ७९६ घनसेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें तिचें यंत्र. पण तोंवर स्कूटरच्या पलीकडे न पाहणाऱ्या कुटुंबांस तिनें प्रथमच मोटारीचें स्वप्न दाखविलें. १९९८ च्या अखेरीस पुण्यास तयार होणारी टाटांची इंडिका आली, आणि मग गाड्यांचा ओघच सुरू झाला. २०१४ सालीं अँबॅसडर व मारुती ८०० या दोन्हींचें उत्पादन थांबलें. आज दुकानांत पाऊल ठेवावें, तर एकाच नांवाच्या गाडीचे दहा-दहा, बारा-बारा प्रकार पुढें येतात. पूर्वीं टंचाईचें दुःख होतें. आतां विपुलतेचा घोटाळा आहे. आणि घोटाळ्यांत सांपडलेला माणूस बहुधा शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहून उत्तर लिहितो, हें शाळामास्तराइतकें कोणास ठाऊक असणार?

मींही तेंच केलें. २०१७ सालीं मी निवृत्त झालों. ग्रॅच्युइटीची रक्कम हातीं आली. मुलगा म्हणाला, “बाबा, सारा जन्म सायकल आणि बस यांवर काढलात, आतां एक गाडी घेऊं या.” समोरच्या इमारतींत तेव्हां नुकतीच एक उंच, भारदस्त गाडी आली होती. आम्ही एका दुकानांत गेलों. विक्रेत्यानें थंड पाणी व गरम चहा दिला, आणि तशाच बांध्याची एक गाडी दाखवून तो म्हणाला, “सर, हिच्यांत बसलें कीं सारा रस्ता आपल्या पायाखालीं!” उदाहरण सोडविण्यापूर्वीं तें दोनदां वाचावें, असें मीं हजारों मुलांना बजावलें असेल. स्वतः मात्र एकदांही न वाचतां उत्तर लिहून मोकळा झालों.

त्या गाडींत दोष नव्हता. दोष होता तो आमच्या घराशीं तिची सोयरीक जुळविण्यांत. आम्ही पुण्यास सदाशिव पेठेंत राहतों. जुना वाडा पाडून त्या जागीं उभ्या राहिलेल्या आमच्या इमारतीचें फाटक अरुंद. त्यांतून गाडी आंत घेतांना आरसे मिटावे लागत, आणि चार वेळां मागेंपुढें केल्यावांचून ती आपल्या जागीं लागत नसे. तेंही चाललें असतें. पण माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात. पहिले कांहीं दिवस ती दाराची मूठ धरून कशीबशी वर चढे. मग आम्ही एक लहानसें स्टूल गाडींत ठेवलें. पुढें पुढें ती म्हणूं लागली, “तुम्ही जा. मला कंटाळा आला आहे.” तुळशीबाग असो, बहिणीचें घर असो, वाईस तिचें माहेर असो, उत्तर एकच. वयपरत्वें उत्साह ओसरला असेल, अशी मीं स्वतःची समजूत घातली. दीड वर्षानें एके दिवशीं आमची नात सहज बोलून गेली, “आजोबा, आजीला कंटाळा नाहीं येत. सगळ्यांसमोर स्टुलावर चढायची तिला लाज वाटते.”

श्रोतेहो, त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. सर्वांनीं मिळून बाहेर पडावें म्हणून ज्या वस्तूवर मीं आयुष्याची पुंजी खर्च केली, तिनेंच घरांतल्या एका माणसाला घरीं बसविलें होतें. आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशीं मीं शिंप्याची फीत काढली. जिच्यावरून माझी पत्नी विनासायास उठते ती घरांतील खुर्ची जमिनीपासून १८ इंच भरली. गाडीची पुढची बैठक भरली २८ इंच. पुढें ओळखीच्या लोकांच्या पुष्कळ गाड्या मीं मोजल्या. त्यावरून मला असें आढळलें कीं, खुर्चीहून चार-पांच इंच उंच, म्हणजे २२ ते २३ इंचांची बैठक सांधे दुखणाऱ्या माणसाला सर्वांत सोयीची पडते. तिच्यावर नुसतें टेकावें आणि पाय आंत वळवावे. त्याहून फार उंच बैठक म्हणजे चढण, आणि फार खालची म्हणजे विहीर: आंत जाणें सोपें, बाहेर येणें कठीण. दार किती रुंद उघडतें, उंबरठा किती जाड आहे, पाऊल वळवावयास जागा आहे कीं नाहीं, हेंही त्याच वेळीं पाहावें. गाडीच्या माहितीपत्रकांत यंत्राची शक्ति दिलेली असते, चाकांचा व्यास दिलेला असतो. बैठकीची उंची मात्र मला एकाही पत्रकांत आढळली नाहीं. म्हणून पहिली सूचना हीच, कीं दुकानांत जातांना खिशांत फीत असावी, आणि बरोबर घरांतलें सर्वांत वृद्ध माणूस असावें.

दुसरी सूचना याहूनही आधींची आहे. दुकानांत जाण्यापूर्वीं एक महिना वही ठेवावी. घरांतून कोण, कोठें, किती जणांनीं, किती सामान घेऊन गेलें, तें रोज रात्रीं लिहावें. आमच्या वहींत एका महिन्याचा हिशेब असा निघाला: गाडी २२ दिवस बाहेर पडली. त्यांपैकीं १७ दिवस तिच्यांत एक किंवा दोन माणसें होतीं, आणि अंतर दहा किलोमीटरच्या आंतलें. चार दिवस चार माणसें. पांच माणसें, बोचकीं आणि तांदळाची गोणी असा थाट फक्त एकदां, वाईस जातांना. मौज अशी कीं, गाडी निवडतांना आपण विचार करतों तो या एका दिवसाचा, आणि किंमत भरतों ती उरलेल्या एकवीस दिवसांत. वर्षांतून चार-सहा वेळां लागणारी मोठी गाडी तेवढ्यापुरती भाड्यानें मिळते. लग्नकार्यास लागणारें मोठें पातेलें कोणी रोजच्या वरणासाठीं चुलीवर चढवीत नाहीं.

तिसरी गोष्ट गाडीच्या आकाराची. आपल्याकडील पुष्कळशा लहान गाड्या चार मीटरांच्या किंचित् आंत कां असतात, याचें कारण यंत्रशास्त्रांत नसून करांत आहे. २००६ च्या अर्थसंकल्पांत चार मीटरांहून कमी लांबीच्या, आणि पेट्रोलवर १,२०० किंवा डिझेलवर १,५०० घनसेंटिमीटरपर्यंतचें यंत्र असलेल्या गाड्यांस करांत सवलत देण्यांत आली. तेव्हांपासून कारखानदार गाडीचें शेपूट तोडून तिला या मापांत बसवूं लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे जे नवे दर लागू झाले, त्यांतही हेंच माप पाळून लहान गाडीवर १८ टक्के व मोठीवर ४० टक्के कर ठेवण्यांत आला. पेठेंत राहणाऱ्यास लांबी कमी असणें फायद्याचेंच आहे. परंतु कापलेल्या शेपटांत सामानाची जागाही जाते, म्हणून मागचें दार उघडून आपली नेहमींची मोठी पेटी तेथें प्रत्यक्ष ठेवून पाहावी. तसेंच गाडीचें पोट जमिनीपासून किती उंच आहे, हा छापील आंकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पांच माणसें बसलीं कीं गाडी दबते, आणि मग आपल्या गल्लींतला गतिरोधक खालून आपली ओळख देतो. त्यासाठीं चाचणीचा फेरा दुकानदाराच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेतां, सर्व मंडळींसह आपल्याच गल्लींत घ्यावा. फाटकांतून गाडी आंत आणि बाहेर काढून पाहावी. विक्रेता कुरकुरेल; कुरकुरूं द्यावा.

आतां माझ्या आवडीचा विषय, म्हणजे हिशेब. पेट्रोल, डिझेल, सीएनजी कीं वीज, असा वाद घरोघर चालतो. तो मतांनीं सुटत नाहीं, त्रैराशिकानें सुटतो. गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर चालते असें धरूं. शहरांत पेट्रोलची गाडी लिटरास १५ आणि डिझेलची २० किलोमीटर जाते असें माना. गणित सोपें व्हावें म्हणून पेट्रोल १०० रुपये व डिझेल ९० रुपये लिटर धरा. पेट्रोलचा वर्षाचा खर्च ४०,००० रुपये आला, डिझेलचा २७,००० रुपये. बचत १३,००० रुपयांची. डिझेलची गाडी घेतांना जर १,३०,००० रुपये अधिक मोजावे लागले, तर ते वसूल होण्यास दहा वर्षें लागतील! शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-सहा या प्रदूषण-नियमांमुळें डिझेलच्या गाडींत काजळी अडविणारी गाळणी आली. ती काजळी जळून जाण्यास बरीच उष्णता लागते, आणि तेवढी उष्णता लांबच्या मोकळ्या रस्त्यावरच उत्पन्न होते. रोज मंडईपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते, आणि मग दुरुस्तीचा भुर्दंड बसतो.

सीएनजीचेंही असेंच मांडावें. किलोस २४ किलोमीटर आणि ९० रुपये किलो धरल्यास तेवढ्याच प्रवासाला २२,५०० रुपये लागतात. बचत १७,५०० रुपयांची. गाडी ९०,००० रुपयांनीं महाग असेल, तर पांच वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. पण जो वर्षाला १८,००० किलोमीटर फिरतो, त्याचे तेच पैसे दोन वर्षांच्या आंत निघतात. मात्र त्या गाडींत सिलिंडर सामानाची जागा खातो. कांहीं कारखान्यांनीं अलीकडे एका मोठ्या सिलिंडराऐवजीं दोन लहान सिलिंडर तळाशीं बसवून ही अडचण कमी केली आहे. पंपावरील रांगेंत जाणारा वेळ मात्र आपला आपणच हिशेबांत धरावा. विजेच्या गाडीस रोजच्या वीस किलोमीटरांना सुमारें तीन युनिट वीज पुरते, आणि तेवढी वीज रात्रीं घरच्या पंधरा अँपियरच्या जोडणीवरही भरतां येते. परंतु ज्याला गाडी उभी करावयास स्वतःची जागा आणि तेथपर्यंत आणलेली स्वतःच्या मीटरची वीज नाहीं, त्यानें आधीं सोसायटीची संमति मिळवावी आणि मग गाडी पाहावी.

वरील आंकडे मीं गणितापुरते घेतले आहेत. प्रत्येकानें आपापले घालावे. फक्त छापील मायलेज जसेंच्या तसें घालूं नये. या चांचण्या करणारी ‘एआरएआय’ ही संस्था पुण्यांतच वेताळ टेकडीवर आहे. ती १९६६ सालीं स्थापन झाली. तेथें गाडी रुळांवर ठेवून ठराविक गतीनें चालवितात. सर्व गाड्यांची तुलना करावयास ती पद्धत योग्यच आहे. पण त्या रुळांवर ना लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी असते, ना गणपतीच्या दिवसांतला खोळंबा.

याच वहींत आणखी एक हिशेब मांडावा, जो सहसा कोणी मांडीत नाहीं. आठ लाखांची गाडी दहा वर्षें वापरून दोन लाखांस विकली, तर ती दारांत उभ्या उभ्या वर्षाला ६०,००० रुपये खाते. विमा, दुरुस्ती व टायर मिळून ३०,००० धरा. पेट्रोल ४०,०००. एकूण १,३०,००० रुपये. म्हणजे ६,००० किलोमीटरांस दर किलोमीटरमागें जवळजवळ २२ रुपये. या आंकड्याशेजारीं आपल्या गांवच्या रिक्षाचें भाडें लिहून पाहावें. रिक्षाच स्वस्त पडते असें दिसलें, आणि घरांत कोणी वृद्ध वा आजारी माणूस नसेल, तर मोटार न घेणें हीच सर्वांत व्यवहारी निवड होय. हें मी थट्टेनें म्हणत नाहीं. मध्यरात्रीं, भर पावसांत, दुखणाइतास घेऊन निघावें लागतें, त्या वेळीं मात्र पैशांचा हिशेब अपुरा पडतो, हेंही मला मान्य आहे. आम्ही गाडी ठेवली ती याचसाठीं.

काटकसरीला एक मर्यादा आहे, आणि ती म्हणजे जिवाची सुरक्षितता. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशांत ‘भारत एनकॅप’ ही अपघाताची कसोटी सुरू झाली. तींत ताशीं ६४ किलोमीटर वेगानें गाडी अडथळ्यावर आदळवितात, आणि आंतील पुतळ्यांना किती इजा होते तें मोजून मोठ्यांच्या व मुलांच्या संरक्षणाचे वेगवेगळे तारे देतात. ही कसोटी ऐच्छिक आहे. म्हणून आपण घेत असलेल्या गाडीनें ती दिली आहे काय, हें विचारावें. बैठकीचें कातडें, पडद्यावरचीं गाणीं, छपरांतली खिडकी यांवर खर्च करण्यापूर्वीं गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा आणि मागल्या तिन्ही जागांचे पट्टे पाहावे. आणि ते पट्टे बांधावे! सप्टेंबर २०२२ मध्यें पालघर जिल्ह्यांत झालेल्या अपघातांत एका नामवंत उद्योगपतीचा अंत झाला. गाडी उंची होती. परंतु मागें बसलेल्यांनीं पट्टे बांधलेले नव्हते, असें पोलिसांनीं तेव्हां सांगितलें. गाडी निवडणें एकदांच असतें. पट्टा बांधणें रोजचें असतें.

इतकें सगळें गणित मांडल्यावरही एक प्रवासी उरतो, जो दिसत नाहीं पण आपल्या प्रत्येक गाडींत बसलेला असतो. त्याचें नांव ‘लोक काय म्हणतील’. २००९ सालीं टाटांची नॅनो रस्त्यावर आली. पावसांत स्कूटरवरून जाणाऱ्या कुटुंबास छप्पर मिळावें, हा तिचा हेतु. रोजच्या उपयोगाच्या दृष्टीनें तिच्यांत पुष्कळ गुण होते; आंत जागाही ऐसपैस होती. पण ‘सर्वांत स्वस्त गाडी’ असा तिचा बोलबाला झाला, आणि सर्वांत स्वस्त गाडी आपल्या दारांत असावी असें फारच थोड्यांस वाटलें. २०१८ सालीं तिचें उत्पादन थांबलें. मी त्या लोकांना हसत नाहीं. मीं स्वतः त्याच अदृश्य प्रवाशाच्या सांगण्यावरून उंच गाडी घेतली होती. एवढेंच सुचवितों कीं, त्याला गाडींत बसवावयाचेंच असेल तर बसवावें, पण चालकाच्या जागीं बसवूं नये.

माझ्या चुकीचा शेवट सांगतों आणि आपली रजा घेतों. २०१९ सालीं आम्ही ती गाडी विकली. तोटा झाला, त्याचा आंकडा माझ्या वहींत आहे, तो येथें सांगण्याचें धैर्य नाहीं. त्यानंतर दोन वर्षें वापरलेली एक लहान गाडी घेतली. नवी गाडी पहिल्या दोन-तीन वर्षांत मोल फार झपाट्यानें गमावते, तो घसारा पहिल्या मालकानें सोसलेला असतो. मात्र जुनी गाडी घेतांना दुरुस्तीच्या नोंदी तपासाव्या, गाडीवर बँकेचें कर्ज शिल्लक नाहीं ना हें पाहावें, आणि फॉर्म २९ व ३० भरून आर. टी. ओ. कडे मालकी आपल्या नांवें झाल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असें समजूं नये. आमच्या या गाडीची बैठक २२ इंच आहे. खंबाटकीचा घाट चढतांना ती थोडी दमते. दुसऱ्या गिअरवर घातली कीं निमूटपणें चढते. शेजाऱ्यांपैकीं कोणीही अद्याप तिच्याकडे वळून पाहिलेलें नाहीं.

गाडी घरीं आली त्या रविवारीं मी दार उघडून उभा राहिलों. पत्नी आली, बैठकीवर टेकली, पाय आंत घेतले आणि दार ओढून घेतलें. स्टूल घरींच राहिलें होतें. वाईस पोंचल्यावर कृष्णेच्या घाटावर ती बराच वेळ बसली, आणि परत निघतांना स्वतःहून म्हणाली, “अहो, एवढ्या लांब आलोंच आहों, तर मेणवलीचा घाटही पाहून जाऊं या का?” दीड-दोन वर्षांत तिनें कोठें जाण्याची इच्छा आपण होऊन बोलून दाखविल्याचें मला आठवत नव्हतें.

तेव्हां श्रोतेहो, गाडी लहान घ्यावी कीं मोठी, नवी कीं जुनी, हें मी सांगणार नाहीं. ज्याचें त्याचें घर हेंच त्याचें उदाहरण. तें दोनदां वाचावें. आणि वाचतांना घरांतलें जें माणूस कांहीं मागत नाहीं, तक्रार करीत नाहीं, नुसतें “तुम्ही जा” म्हणतें, त्याची ओळ गाळली जात नाहीं ना, तेवढें पाहावें.